पाण्याला औषधाचा वास येतो

रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या आमच्या गावात नळाला सकाळी साडेसहाला पाणी येते आणि पाऊण तासात जाते. तेवढ्यात हंडे, कळशा, पिंप, मोरीतली टाकी सगळे भरून घ्यायचे. सुट्टीत घर माणसांनी भरलेले असते. कुवेतहून भाऊ येतो, मुंब्र्याहून आम्ही येतो, पनवेलहून चुलत बहिणी येतात. त्या वर्षी बकरी ईद पावसाच्या तोंडावर आली होती, म्हणून आम्ही मुक्काम लांबवला होता.

एके सकाळी माझ्या फुफूने नळाचे पाणी तोंडाला लावले आणि पेला खाली ठेवला. "नुसती पावडर ओतलीय. चहाची चव जाणार आज." योगायोगाने पाणी सोडणारा माणूस वॉल्व्हची चावी खांद्यावर टाकून गल्लीतूनच चालला होता. फुफूने त्याला हाक मारली. "अरे बाबा, जरा हात आखडता घे की. घरात पाहुणे आहेत." समोरच्या घरातल्या दोघींनीही तिला साथ दिली. एकीने तर त्याला सांगितले, कपड्यांचा रंग उडतोय तुझ्या पावडरीने. तो हसला. "बरं चाची," म्हणाला आणि पुढे गेला.

मीही तिथेच उभी होते. माझ्या मनातही तेच होते.

दुसऱ्या दिवशी पाण्याला वास नव्हता. आम्ही खूश झालो. आठवड्याने पहिला मोठा पाऊस आला, रात्रभर कोसळला, आणि नळाचे पाणी दोन दिवस चहासारखे आले. मग ते निवळले. निवळल्यावर आम्ही ते प्यायला सुरुवात केली. त्यानंतर वरच्या मोहल्ल्यात एकेका घरात जुलाब-उलट्या सुरू झाल्या. फुफूचा सहा वर्षांचा नातू दोन दिवसांत इतका सुकला की डोळे खोल गेले. त्याला रिक्षात घालून तालुक्याला नेले आणि दोन दिवस सलाइनवर ठेवले. अल्हमदुलिल्लाह, तो बरा झाला. पण त्या रात्री दवाखान्याच्या बाकावर फुफू मला हळूच म्हणाली, "मीच सांगितलं होतं ना त्याला, कमी टाक म्हणून?"

वहीतला 0.5

आरोग्य केंद्राचा माणूस आला. त्याने गावातल्या तीन नळांचे पाणी तपासले. टाकीजवळच्या नळाला थोडा क्लोरीन होता, वरच्या मोहल्ल्यातल्या शेवटच्या नळाला अजिबात नव्हता. प्रयोगशाळेत पाठवलेल्या नमुन्याचा अहवाल आला तेव्हा त्यात ई-कोलाय निघाले होते. ई-कोलाय म्हणजे माणसाच्या किंवा जनावराच्या विष्ठेतून येणारा जीवाणू. पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक, आय.एस. 10500, याबाबत कसलीही सवलत देत नाही. 100 मिलिलिटर पाण्यात तो एकही सापडता कामा नये.

भाऊ आणि मी ग्रामपंचायतीत गेलो आणि पाणी शुद्धीकरणाची नोंदवही पाहायला मागितली. शिपायाने ती काढून दिली. रकाने नीट आखलेले होते. तारीख, पावडर किती टाकली, तपासणीचे ठिकाण, क्लोरीन किती, सही. क्लोरीनच्या रकान्यात रोज 0.5 होते. सगळा महिना 0.5. वादळी वाऱ्यात खांब पडून दोन दिवस लाइट नव्हती, पंप बंद होता, गावाला पाणीच आले नव्हते. त्या दोन दिवसांतही 0.5.

जलसुरक्षकाला विचारले. ग्रामपंचायतीने पाणी शुद्ध करायला नेमलेल्या माणसाचे हे सरकारी नाव. आमच्याकडे पाणी सोडणारा आणि पावडर टाकणारा एकच माणूस. तो आधी गप्प राहिला, मग म्हणाला की तपासणीचे द्रावण हिवाळ्यातच संपले होते, मागितले तर आले नाही. "वहीत तर काहीतरी लिहावंच लागतं ना." मानधन तुटपुंजे, तेही वेळेवर नाही. पंप तो चालवतो, गळती तो काढतो, पाणीपट्टीही तोच मागत फिरतो. आणि वास आला की शिव्याही त्यालाच. त्याच्यावर रागावायला आम्ही गेलो होतो. तिथून निघताना राग कुणावर काढायचा हे कळेना.

परत मुंब्र्याला आल्यावर मी या विषयावर मिळेल ते वाचत बसले. त्यात एका लहान गावाची हकीकत सापडली आणि आमच्याच गावाची वही कुणीतरी इंग्रजीत लिहिली आहे असे वाटले.

वॉकर्टन

कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतातले वॉकर्टन. वस्ती पाच हजारांच्या आत. पाण्यासाठी जमिनीत खणलेल्या तीन विहिरी, त्यातली पाच नंबरची सर्वांत उथळ. आजूबाजूला शेती आणि गुरे. 2000 सालच्या मे महिन्यात, 8 ते 12 तारखेदरम्यान तिथे जोराचा पाऊस झाला आणि जवळच्या शेतातल्या शेणखताचा अंश पाण्याबरोबर त्या विहिरीत उतरला. शेतकऱ्याची चूक नव्हती. त्याने खत नियमाप्रमाणेच टाकले होते, हे पुढे चौकशीत स्पष्ट झाले. ई-कोलायची ओ-157 ही घातक जात आणि कॅम्पायलोबॅक्टर नावाचा दुसरा जीवाणू नळांतून घराघरात गेले. सात माणसे दगावली. 2,300 पेक्षा जास्त आजारी पडली. काही लहान मुलांच्या मूत्रपिंडांना झालेली इजा कायमची राहिली.

पाणीपुरवठ्याचे काम स्टॅन आणि फ्रँक कोबेल हे दोन भाऊ पाहत. दोघांनाही या कामाचे खरे शिक्षण नव्हते. जुन्या अनुभवावर त्यांना प्रमाणपत्रे मिळाली होती. रोज क्लोरीन मोजायचा असा नियम होता. ते बहुतेक दिवस मोजत नसत आणि वहीत 0.5 किंवा 0.75 असा आकडा लिहून टाकत. वर्षानुवर्षे. क्लोरीनही गरजेपेक्षा कमी सोडत. का? कारण गावातल्या लोकांची तक्रार होती की पाण्याला वास येतो.

हे वाचून मी पुस्तक मिटले.

ते भाऊ दुष्ट नव्हते. चौकशी आयोगापुढे आले ते असे की आपल्या विहिरींचे पाणी मुळातच उत्तम आहे असा त्यांचा भाबडा विश्वास होता. ते स्वतः क्लोरीन न घातलेले पाणी पीत. आमच्या गावातही हेच वाक्य ऐकू येते, "आमच्या बापजाद्यांनी हेच पाणी प्यायलं."

पुढचे जास्त दुखते. 15 मे रोजी घेतलेल्या नमुन्यांचा अहवाल 17 मे रोजी आला, पाणी दूषित असल्याचा. तो फक्त पाणीपुरवठा कार्यालयाकडे गेला. सरकारने 1996 साली पाणी तपासणीचे काम खासगी प्रयोगशाळांकडे सोपवले होते, पण वाईट अहवाल आला तर आरोग्य खात्याला कळवा असे बंधन त्यांच्यावर घातले नव्हते. 19 मे रोजी आरोग्य कार्यालयाने फोन करून विचारले, पाणी ठीक आहे ना? स्टॅन कोबेल म्हणाला, ठीक आहे. अखेर 21 मे रोजी आरोग्य कार्यालयाने स्वतःच्या जबाबदारीवर लोकांना पाणी उकळून प्या असे सांगितले. 19 तारखेलाच हे सांगितले गेले असते तर 300 ते 400 माणसे आजारातून वाचली असती, असा अंदाज न्यायमूर्ती डेनिस ओ'कॉनर यांच्या आयोगाने 2002 सालच्या अहवालात दिला. पाच नंबरच्या विहिरीवर क्लोरीन आणि गढूळपणा सतत मोजणारी यंत्रे असती तर ही साथ टळली असती, असेही आयोगाने म्हटले. 2004 साली स्टॅनला एक वर्षाची कैद आणि फ्रँकला नऊ महिन्यांची नजरकैद झाली.

कॅनडा दूर आहे. पुणे दूर नाही. 2025 च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, महापालिकेत नव्याने आलेल्या किरकटवाडी, नांदेड गाव, नांदोशी, धायरी या भागात गुलेन बॅरी सिंड्रोमचे रुग्ण एकामागून एक सापडू लागले. हातापायांतली ताकद जाते, काहींना श्वासासाठी यंत्र लावावे लागते. रुग्णांची संख्या दोनशेवर गेली, काही जण दगावले. अनेक रुग्णांच्या तपासणीत सापडला तो कॅम्पायलोबॅक्टर, वॉकर्टनच्या पाण्यात होता तोच. तिथल्याही पाण्याच्या काही नमुन्यांत क्लोरीन आढळला नव्हता.

पावडरीचे गणित

आपण ज्याला पावडर म्हणतो ती टी.सी.एल., म्हणजे ब्लीचिंग पावडर. ताज्या, चांगल्या पावडरीत सुमारे 33 टक्के क्लोरीन असतो. हजार लिटर पाण्याला साधारण 5 ग्रॅम, हे गावपातळीवरचे प्रमाण. म्हणजे 50,000 लिटरच्या टाकीला पाव किलो. पाव किलो! एवढ्याशा पावडरीवर सगळ्या गावाचे पोट अवलंबून असते, हे मला तोवर माहीत नव्हते.

ही पावडर तशीच टाकीत ओतायची नसते. प्लॅस्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवून, मग बादली भरून ढवळायची आणि चुना खाली बसू द्यायचा. वरचे निवळ पाणी तेवढे टाकीत घालायचे. मग किमान अर्धा तास थांबायचे, तोवर नळ सोडायचा नाही. क्लोरीनला जंतू मारायला वेळ लागतो. पण साडेसहाला पाणी सोडायचे आणि लाइट सहाला आली, तर हा अर्धा तास कुठून आणायचा? आमच्याकडे पुष्कळदा तो गिळला जातो.

पावडरीला दमट हवा सोसत नाही. कोकणातल्या पावसाळ्यात उघड्या पोत्यात ठेवलेली पावडर हळूहळू मरते. दिसायला तशीच पांढरी असते, पण 33 चे 15 टक्के झाले तर त्याच पाव किलोत निम्म्याहून कमी ताकद उरते. त्यात गढूळ पाणी. गाळ आणि कुजलेला पालापाचोळा क्लोरीन आधी खाऊन टाकतो, जंतूंसाठी उरत नाही. म्हणजे ज्या दिवशी औषध जास्त लागते, त्याच दिवसांत आमच्या पोत्यातली पावडर सगळ्यांत कमजोर असते. शिवाय आमचा जांभा दगड. पाणी त्यातून चाळणीसारखे झिरपते. विहिरीच्या वरच्या अंगाला कुणी संडासाचा शोषखड्डा खणला की पावसात त्याचा हिशेब विहिरीत होतो.

म्हणून 'पावडर टाकली' याला अर्थ नाही. नळाला पोहोचेपर्यंत क्लोरीन उरला का, याला अर्थ आहे. मानक सांगते की नळाच्या पाण्यात लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन असावा. साथीच्या दिवसांत 0.5. हा उरलेला क्लोरीन पहारेकऱ्यासारखा असतो. वाटेत फुटक्या पाइपातून गटाराचे पाणी शिरले तर तो त्याच्याशी झुंजतो. त्यामुळे तपासायचे ते टाकीजवळच्या नळावर नाही. सगळ्यांत दूरच्या, सगळ्यांत उंचावरच्या घरात तपासायचे. आमच्याकडे ते फुफूचे घर.

तपासणी फार सोपी आहे. काचेच्या लहान नळीत पाणी घ्यायचे, ओ.टी. द्रावणाचे सांगितलेले थेंब टाकायचे, आणि लगेच, दहा-पंधरा सेकंदांत, रंग पाहायचा. पिवळा आला तर क्लोरीन आहे. डबीवरच्या रंगपट्टीशी जुळवला की आकडा मिळतो. रंग आला नाही तर क्लोरीन नाही, मग वहीत काहीही लिहिलेले असो. (ते तपासलेले पाणी फेकून द्यायचे. द्रावण विषारी आहे, मुलांच्या हाती लागू देऊ नये.) दुसरी एक तपासणी एच.टू.एस. बाटलीची. बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरून एक-दोन दिवस ठेवायची. पाणी काळे पडले तर ते पिऊ नये.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते. क्लोरीन जंतू मारतो, पण फ्लोराइड किंवा नायट्रेट काढत नाही, आणि उकळूनही ते जात नाहीत. मराठवाडा-विदर्भातल्या बोअरच्या गावांनी ती तपासणी प्रयोगशाळेतच करून घ्यावी. राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत आणि जलजीवन मिशनमध्ये सामान्य माणसालाही माफक शुल्कात पाणी तपासून घेता येते.

मशिदीची विहीर

आमच्या मोहल्ल्यातली अर्धी घरे नळाच्या पाण्याला वास आला की मशिदीच्या विहिरीचे पाणी भरून आणतात. गोड पाणी आहे. वुजूचा हौदही त्याच विहिरीवर भरतो. आरोग्य केंद्राच्या माणसाने वर्षातून दोनदा होणाऱ्या पाहणीची यादी दाखवली. पावसाआधी आणि पावसानंतर प्रत्येक स्रोत पाहून गावाला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड देतात, त्याची ती यादी. त्यात शाळेची बोअर होती, देवळाजवळची विहीर होती, मशिदीची विहीर नव्हती. कुणी लपवली नव्हती. ट्रस्टची खासगी म्हणून कुणी सांगितली नाही, कुणी विचारली नाही. यादीत नाही म्हणजे तिला पावडर नाही, तपासणी नाही.

जमातीच्या बैठकीत भावाने हा विषय काढला तेव्हा एका बुजुर्गांनी विचारले, "पाण्याचा रंग बदलला नाही, वास नाही, चव नाही. मग ते पाक नाही का?" प्रश्न चुकीचा नव्हता. लहानपणी मदरशात आम्हीही हेच शिकलो. भरपूर पाण्याचा रंग, वास, चव बदलली नाही तर ते वुजूला चालते. मौलानांनी शांतपणे सांगितले की पाक आहे हा एक मुद्दा, पोटात घेण्याजोगे आहे हा दुसरा. जंतूंना रंगही नसतो आणि वासही नाही, ते ओळखणे डॉक्टरचे काम. दुसऱ्या एकांनी उलट शंका काढली की पावडरीने वास बदलतो, मग वुजू होईल का? मौलाना हसले. "दवा टाकलेलं पाणी पाकच आहे. तुम्ही वुजू करा."

विहिरीची नोंद झाली. कठडा उंच केला, पोहरे टाकणे बंद करून पंप बसवला.

नळाच्या बाबतीत इतके सहज झाले नाही. पाणी शुद्ध करून देणे ही ग्रामपंचायतीची जबाबदारी, हे सगळ्यांना मान्य होते. 1958 च्या ग्रामपंचायत कायद्यापासून ते तसेच आहे. गावात पाणीपुरवठा व स्वच्छता समितीही होती. तिच्यात निम्म्या महिला असायला हव्यात, त्या होत्या, कागदावर. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना पाणी तपासणीचे प्रशिक्षण द्यायचे असते. ते झाले होते म्हणे. संच कपाटात होता, सील न फोडलेला. पाच जणींपैकी एक लग्न होऊन गेली होती आणि एकीला आपले नाव यादीत आहे हेच माहीत नव्हते. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत भावाने मागणी केली की पावडरीचा साठा, मुदत आणि रोजचा क्लोरीन फळ्यावर लिहावा; आणि प्रयोगशाळेचा अहवाल आला की तो फायलीत न ठेवता त्याच दिवशी फळ्यावर लावावा. आधी कुरकुर झाली. "लोक घाबरतील." घाबरू देत, घाबरले तर पाणी उकळून तरी पितील! खळखळून एक मिनिट उकळले तरी जंतू मरतात.

फुफूने मात्र कुणाची वाट पाहिली नाही. ती संच घरी घेऊन आली. सत्तरी ओलांडलेली बाई, डोळ्याला चष्मा, अक्षरओळख उर्दूची. आरोग्यसेविकेने तिला दोनदा दाखवले, तिसऱ्यांदा तिने स्वतः केले. आता रोज सकाळी पाणी आले की हंडा लावण्याआधी ती नळी भरते, थेंब टाकते, खिडकीशी जाऊन उजेडात धरते. रंग फिका आला तर नातवाला सांगून जलसुरक्षकाला फोन लावते. पाण्याला वास आला तर घागर उघडी ठेवून थोडा वेळ थांबते. वास बराचसा उडून जातो, मग चहा ठेवते. शेजारणींना तीच सांगते, त्याला काही बोलू नका.

गेल्या पावसाळ्यात मी गेले तेव्हा ग्रामपंचायतीत डोकावले. वही तीच, रकाने तेच. अक्षर थोडे वेडेवाकडे झाले होते. 0.4. 0.2. एका दिवशी 0, आणि पुढे 'पुन्हा पावडर टाकली, दुपारी 0.3'. जुलैतल्या एका तारखेसमोर आकडा नव्हता. तिथे त्याने लिहिले होते, 'लाइट नाही. पाणी सोडले नाही. तपासणी केली नाही.' आणि खाली सही.